लुगड्याचे चार वार कुठे गेले?

नऊवारी लुगडे सोडून पाचवारी पातळ नेसायचे, असा ठराव महाराष्ट्रात कुठल्याच सभेत झाला नाही. सरकारने कायदा केला नाही, कुणा पुढाऱ्याने हाक दिली नाही. तरीही १९०० साली पुण्यातल्या पांढरपेशा घरातली जवळजवळ प्रत्येक बाई काष्टा घालत होती आणि १९४५च्या सुमारास तिचीच नात गोल साडी नेसून कॉलेजात जात होती. मधल्या काळात बाईच्या अंगावरचे चार वार कापड गेले, त्याच्या जागी परकर आला, चोळीचे पोलके झाले आणि पोलक्याचा ब्लाऊज झाला. याच काळात पुरुषांची पगडी, अंगरखा आणि उपरणे जाऊन कोट, टोपी आणि पाटलोण आली. त्याची थोडी थट्टा झाली, पण धर्म बुडाला असे फारसे कुणाला वाटले नाही. बायकांच्या चार वारांवर मात्र रकानेच्या रकाने लिहिले गेले, आणि लिहिणारे बहुतेक पुरुषच होते.

आधी ते लुगडे कसे होते ते नीट पाहायला हवे. आज लग्नाकार्यात दिसणारी, शिंप्याने शिवून दिलेली आणि विजारीसारखी चढवायची नऊवारी पाहून त्याची कल्पना येत नाही. एक वार म्हणजे ३६ इंच. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. एवढ्या कापडाला कुठे टाका नाही, गुंडी नाही, नाडी नाही, आत परकरही नाही. कमरेला एक गाठ, पुढे निऱ्या, त्यांतला मधला भाग पायांतून मागे नेऊन पाठीशी खोचला की काष्टा, आणि उरलेल्याचा पदर. पोटाशी जमलेल्या घोळाचा ओचा. सुपारी, चार पैसे, शेतातून येताना तोडलेल्या शेंगा, सारे ओच्यात. नेसणे एकच नव्हते. ब्राह्मणी नेसणीत निऱ्या घोट्यापर्यंत यायच्या आणि मागे काष्ट्याचे काठ दिसायचे. मराठा घरंदाज बाईचा पदर डोक्यावरून यायचा. भातलावणीला वाकणारी कुणबीण लुगडे गुडघ्याशी आवळून नेसायची. कोळणीची तऱ्हा आणखी वेगळी. बाई लांबून येताना दिसली तरी तिचे गाव, तिची जात आणि नवरा आहे की नाही, हे बघणाऱ्याला तोंड उघडण्याआधी कळत असे. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी. पुढची सारी हकिगत तिच्याभोवती फिरते.

कापडाचीही गावे ठरलेली होती. इरकली लुगडे इलकलचे, त्याच्या लाल-पांढऱ्या पदरावरून ओळखू येणारे. खण गुळेदगुड्डचा. नारायणपेठी, महेश्वरी, बेळगावजवळची शहापुरी आणि ऐपत असेल तर पैठणी. संक्रांतीला काळी चंद्रकळा. मुंबईच्या गिरण्या १८५०च्या दशकापासून चालू होत्या, तरी लुगड्याच्या बाबतीत हातमाग बराच काळ तग धरून राहिला. रेशमी काठ, विणून जोडलेला पदर, गावोगावच्या पसंतीप्रमाणे बदलणारे रंग हे गिरणीच्या मोठ्या मागाला परवडणारे काम नव्हते. सोलापुरात तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे बायकांच्या लुगड्यांवरच जगली. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग बसवला आणि पुढे त्या गावाने जे कापड विणले त्यात साड्यांचा वाटा मोठा होता. मराठी मुलखातले विणकर टिकले ते बायकांच्या चोखंदळपणामुळे, असे म्हटले तर त्यात फार अतिशयोक्ती नाही.

पाचवारी आली ती सोयीसाठी, असे हल्ली सरसकट लिहिले जाते. मला ते पटत नाही. चालायला, धावायला, झाडावर चढायला, घोड्यावर बसायला काष्ट्यासारखे वस्त्र नाही. गोल साडीत बाईची ढांग आखूड होते, हे ज्यांनी दोन्ही नेसून पाहिले आहे त्यांना सांगावे लागत नाही. पाचवारीत सोय आहे ती धुण्याची, वाळवण्याची आणि पैशाची. पण सुरुवात झाली ती यांपैकी कशानेच नाही. सुरुवात झाली पोटऱ्यांवरून.

१८८३च्या एप्रिलात आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या, अमेरिकेला पोहोचल्या आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकू लागल्या. अंगावर मराठी लुगडे. काष्ट्यामुळे पोटऱ्या मागून उघड्या राहतात. पुण्या-कल्याणात याकडे कुणाचे लक्ष जायचे कारण नव्हते. अमेरिकेत दोन अडचणी एकदम उभ्या राहिल्या. एक थंडी. दुसरी ही की तिथल्या सभ्य समाजात बाईचा घोटा दिसणेसुद्धा असभ्य मानले जाई. आनंदीबाईंनी यावर काढलेला तोडगा त्यांच्या स्वभावाला साजेसा होता. त्यांनी गाऊन घातला नाही. साडी गुजराती पद्धतीने गोल नेसली आणि तसे नवऱ्याला पत्राने कळवले. म्हणजे ज्या बाईला आपण पहिली मराठी डॉक्टर म्हणून ओळखतो, तिनेच काष्टा सोडण्याचा निर्णयही घरापासून हजारो मैलांवर, एकटीने, हवामान आणि परक्यांच्या नजरा पाहून घेतला. १८८६ साली पदवी मिळाली आणि १८८७च्या फेब्रुवारीत बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच त्या गेल्या. त्यांच्या साडीची नक्कल करायला इथे लगेच कुणी धजले नाही. पण प्रश्न एकदा पडला तो पडलाच: साहेबाच्या, मडमेच्या नजरेला आपले लुगडे कसे दिसते?

हा प्रश्न मुंबईत त्याआधीच एका बंगाली बाईला पडला होता. सत्येंद्रनाथ टागोर हे आयसीएस झालेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि १८६४च्या सुमारास त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनी मुंबईत आली. बंगाली घरांत तेव्हा एकच पातळ साडी गुंडाळायचा रिवाज होता, आत काही नसे. त्या वेषात बाईने घराबाहेर पडणे शक्यच नव्हते. मुंबईत माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांच्या घरी राहताना तिने पारशी बायकांचे नेसणे पाहिले: आत परकर, वर पोलके, साडीचे काठ नीट दिसतील अशी ठेवण. त्यात तिने आपल्या सोयीचे फेरफार केले, पदर डाव्या खांद्यावर घेतला आणि ही तऱ्हा कलकत्त्याला नेली. तिकडे तिला बोंबाई दस्तूर म्हणू लागले. ब्राह्मो समाजाच्या घरांतून ती पसरली. मुंबईहून बंगालात गेलेली ही साडी पन्नासेक वर्षांनी सुशिक्षितांची साडी म्हणून पुन्हा महाराष्ट्रात आली, आणि इथल्या सनातन्यांना ती परक्या मुलखातून आली म्हणून खुपली. मुंबईतल्या घरांत तिचा शिरकाव पुण्याआधी झाला तो शेजारामुळे. शेजारी पारशी होते, भाटिये होते, गुजराती होते. गिरगावातल्या बाईला रोज खिडकीतून दुसऱ्या तऱ्हेचे नेसणे दिसत होते. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या बाईला तसे काही दिसत नव्हते.

नेसणे बदलायच्या आधी चोळी बदलली, आणि त्यावर ओरड कमी झाली कारण ती पदराखाली होती. जुनी चोळी पुढे गाठ मारायची, बायका घरीच हाताने शिवायच्या. पोलके कमरेपर्यंत आले, त्याला गुंड्या आल्या, गळ्याला आणि हाताला लेस आली, खांद्याशी फुगे आले. विलायतेत ज्या फुग्यांच्या बाह्यांची चाल होती, त्याच मुंबईच्या शिंप्यांनी इथे उतरवल्या. सिंगरचे मशिन हप्त्याने मिळू लागले आणि मध्यम घरांत शिवणकाम हा मुलीच्या शिक्षणाचा भाग झाला. रमाबाई रानडे यांनी पुण्यात १९०९ साली उभारलेल्या सेवासदनात शिवणाचे वर्ग चालत. शाळेत जाणाऱ्या मुली परकर-पोलक्यात दिसू लागल्या. पूर्वी लग्न होताच लुगड्यात गुंडाळली जाणारी पोर आता आणखी काही वर्षे परकरात राहिली, कारण लग्नाचे वय हळूहळू पुढे सरकत होते. ज्या मुलीने पंधरा वर्षे परकर घातला तिला गोल साडीचे नवल राहिले नाही. तिला काष्टाच शिकावा लागे.

पुण्यातल्या बायका कापडाचा शौक शिकल्या त्या मात्र एका पुरुषाकडून. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले. १९११च्या मार्चमध्ये मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला, त्यात ते भामिनी होते. १९१३ साली त्यांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ साली ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, १९१९ साली ‘एकच प्याला’तली सिंधू. नाटकातल्या राणीने खोट्या जरीचे कापड नेसावे ही जुनी रीत त्यांनी मोडली. खरे शालू, खऱ्या पैठण्या, उंची अत्तरे. या हौसेपायी मंडळी कर्जात बुडत राहिली. प्रेक्षागृहात बायकांची वेगळी बसायची जागा असे आणि तिथल्या बायका घरी जाताना गाण्यांबरोबर पदर कसा घेतला, गजरा कुठे माळला, कोणत्या रंगाच्या लुगड्यावर कोणती चोळी होती हे डोक्यात घेऊन जात. बालगंधर्व स्त्रीवेषात हळदीकुंकवाला जाऊन बसले आणि कुणाला ओळखू आले नाहीत, ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, अशी गोष्ट खपली यातच सारे आले. घरंदाज बाईने नटावे, आणि नटली म्हणून तिच्या शीलावर शंका घेऊ नये, याला पहिली सार्वजनिक मान्यता मिळाली ती एका पुरुषाने तिचा वेष घातल्यावर. हा उपरोध त्या काळात फारसा कुणाला टोचला नसावा.

रवि वर्म्याच्या छापील चित्रांचे कामही थोडे असेच. त्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांच्या भिंतींवर गेल्या, आणि त्याच्या कितीतरी पौराणिक नायिका मराठी नऊवारी नेसलेल्या होत्या. महादेव विश्वनाथ धुरंधरांनी मात्र देवींऐवजी रस्त्यावरच्या बायका रंगवल्या. १९०३-०४च्या सुमारास त्यांच्या चित्रांची पोस्टकार्डे निघाली. मुंबईतल्या जातीजातींच्या बायका आणि त्यांची नेसणी त्यांत इतकी काटेकोर आहेत की पोशाखाचा अभ्यास करणाऱ्याला गॅझेटियरपेक्षा ती अधिक उपयोगी पडावीत.

आता त्या वादाकडे वळू. सकच्छ की विकच्छ, म्हणजे काष्ट्यासह की काष्ट्याविना, या नावाने तो १९२०-३०च्या दशकांत चालला. एका पक्षाचे म्हणणे असे की धर्मकार्याला, स्वयंपाकाला, देवापुढे कच्छ हवाच. तो नसेल तर बाई नेसलेलीच नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, गोल नेसणे अधिक सभ्य दिसते, अंग अधिक झाकते, खर्च कमी येतो. गंमत अशी की दोन्ही पक्षांचा मुद्दा एकच होता: शालीनता. एकाला ती काष्ट्यात दिसत होती, दुसऱ्याला काष्टा सुटल्यावर. बायकांनी यावर जो तोडगा काढला तो कुठल्याही लेखात सापडणार नाही, पण हजारो घरांत चालला. ट्रंकेत दोन तऱ्हेची वस्त्रे ठेवायची. बाहेर, शाळेत, नाटकाला गोल पातळ; सोवळ्यात, श्राद्धपक्षाला, सासरच्या वडीलधाऱ्यांपुढे नऊवारी. वलणीवर काठीने वेगळे वाळत घातलेले सोवळ्याचे लुगडे आणि खुंटीवरची पाचवारी एकाच घरात वीस-वीस वर्षे नांदली. भांडण कागदावर राहिले.

‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला; १९३० साली किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक निघू लागले. अशा मासिकांच्या चित्रांतून आणि जाहिरातींतून गोल पातळातली, हाती पुस्तक किंवा रॅकेट घेतलेली तरुणी घरोघर पोहोचली. १९२७च्या जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. देशभरच्या बायका तिथे एकत्र बसल्या, आणि त्या एकमेकींना दिसल्या, हेही अशा परिषदांचे एक कामच म्हणायचे.

आणि त्याच १९२७ साली, डिसेंबरात, महाडला जे घडले त्यापुढे सकच्छ-विकच्छाचा सारा वाद पोरखेळ वाटतो.

वर म्हटले तसे, बाईचे लुगडे पाहून तिची जात ओळखता येत असे. सवर्णांच्या घरात ती ओळख मिरवायची होती. अस्पृश्य बाईच्या बाबतीत ती लादलेली होती. लुगडे गुडघ्याखाली आणायचे नाही, चांगले काठ नेसायचे नाहीत, सोने घालायचे नाही. अंगावर कथलाचे नाहीतर जाडजूड चांदीचे दागिने, जे पाहताच कोण आहे ते कळावे. नियम कुठे लिहिलेले नव्हते, म्हणून ते मोडणेही कठीण होते. त्या डिसेंबरात महाडला चवदार तळ्याच्या दुसऱ्या सत्याग्रहासाठी लोक जमले होते. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. परिषद आटोपत आली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर बायकांशी वेगळे बोलले. मुलींना शिकवा, मेलेले जनावर घरात आणू देऊ नका, असे सांगताना ते लुगड्यावरही बोलले. तुमचे नेसणे आणि तुमचे दागिने हीच तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती पुसून टाका. वरच्या जातीच्या बायका नेसतात तसे लुगडे नेसा. फाटके असले, ठिगळाचे असले तरी चालेल, स्वच्छ असू द्या. काय ल्यावे-नेसावे हे दुसऱ्याने ठरवायचे नाही, असा त्या बोलण्याचा आशय.

या सभेनंतर जे झाले ते मला आपल्या सामाजिक इतिहासातल्या फार थोड्या लखलखीत घटनांपैकी एक वाटते. बायकांनी घरी जाऊन विचार करते म्हटले नाही. चळवळीत सामील असलेल्या कायस्थ कुटुंबांतल्या लक्ष्मीबाई टिपणीस आणि इंदिराबाई चित्रे यांनी त्यांना नेसायला मदत केली. आणि दुसऱ्या दिवशी त्या बायका घोट्यापर्यंत लुगडे नेसून बाहेर पडल्या. कापड तेच. नवे वस्त्र घ्यायला पैसे कुणाकडे होते? तेच लुगडे वीतभर खाली आले, एवढेच. त्या वीतभर कापडासाठी पुढे गावोगाव काय सोसावे लागले असेल, याचा अंदाज करायला फार कल्पना लागत नाही. पुण्यात चार वार कमी करण्यावर वाद चालू होता, त्याच वर्षी महाडात वीतभर वाढवण्यासाठी हिंमत लागत होती. विसाव्या शतकातल्या मराठी पोशाखाचा इतिहास म्हणून केवळ ब्लाऊजच्या बाह्या आणि काठांची रुंदी सांगणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. त्यांत महाड नसते. ते का नसते, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

पोशाखाने लादलेली दुसरी ओळख विधवेची. केशवपन, कपाळ मोकळे, हात मोकळे आणि अंगावर लाल आलवण. आत चोळी नाही. ब्राह्मण घरांत दहा-बारा वर्षांच्या मुलींनाही यातून सुटका नव्हती. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. आश्रमाच्या कामासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरणाऱ्या पार्वतीबाई आठवले स्वतः कर्व्यांच्या मेहुणी आणि स्वतः केशवपन केलेल्या. इतर विधवांना शिकवायचे, त्यांचे केस राखायचे, आणि आपण मात्र आलवणात फिरायचे, ही विसंगती त्यांनी बरीच वर्षे सोसली आणि मग केस वाढवून तो वेष टाकला. १९२८ साली आलेल्या ‘माझी कहाणी’त त्यांनी हे लिहिले आहे. सोवळ्या विधवेला लोक मान देत, वर्गणी देत. वेष टाकल्यावर तो मान जाणार हे त्यांना ठाऊक होते. आलवण महाराष्ट्रातून नेमके कधी गेले याची तारीख नाही. घरातली शेवटची आलवणातली म्हातारी वारली की त्या घरातून ते गेले.

चार वारांचा हिशेब पैशातही होताच. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि जर्मनीहून येणारे रंग बंद झाले. कापड महागले आणि युद्ध संपेपर्यंत महागतच राहिले. नऊ वारांचे लुगडे आणि पाच वारांचे पातळ यांच्या किमतीतला फरक आता कुठल्याही गृहिणीला बोटांवर मोजता येत होता. त्यात १९०५च्या विलायती कपड्यांच्या होळीपासून चालत आलेली स्वदेशीची शपथ. गांधींनी ३१ जुलै १९२१ला परळला केलेल्या होळीनंतर खादी हा बायकांचाही प्रश्न झाला, आणि खादीची नऊवारी ही शिक्षाच होती. हातसुताचे कापड जाड, जड आणि अरुंद. स्वतः गांधींना ४५ इंच पन्ह्याचे धोतर मिळवण्यासाठी तगादा लावावा लागला होता. तसे कापड नऊ वार गुंडाळून, भिजवून, पिळून दाखवावे म्हणजे त्या पिढीच्या मनगटांची कल्पना येईल. मुंबईत अवंतिकाबाई गोखल्यांसारख्या बायकांनी हे निष्ठेने केले. पण १९३० साली परदेशी कापडाच्या दुकानांपुढे निरोधन करायला देशसेविका केशरी साड्यांत उभ्या राहिल्या तेव्हा प्रांताप्रांतांच्या, जातीजातींच्या बायका एकाच रंगात, एकाच तऱ्हेने नेसलेल्या दिसल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात परदेशी कापडाच्या मोटारीखाली बाबू गेनू गेला. नेसण्यावरून जात सांगण्याची जुनी भाषा शहरात त्या काळात पुसट होत गेली, आणि माझ्या मते गोल साडीचा खरा विजय इथे झाला. ती कुठल्याच जातीची नव्हती.

खादीच्या अगदी उलट टोकालाही एक मराठी बाईच होती. बडोद्याच्या सयाजीराव-चिमणाबाईंची मुलगी इंदिराराजे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेले लग्न मोडून १९१३ साली लंडनमध्ये तिने कुचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केले. पुढे १९२२ साली वैधव्य आले. तिने आलवण नेसले नाही. फ्रान्सहून साडीच्या पन्ह्याचे शिफॉन विणून मागवले. संस्थानिकांच्या बायकांत शिफॉनची जी चाल पडली ती तिच्यापासून. मध्यम वर्गाला शिफॉन परवडणारे नव्हते, पण तोवर जपानहून स्वस्त जॉर्जेट, व्हॉईल आणि कृत्रिम रेशीम येऊ लागले होते. काही रुपयांत राजवाड्यातली झुळझुळ मिळू लागली. हे कापड नऊवारीच्या काष्ट्यात टिकतच नाही, घसरते. ते गोलच नेसावे लागते. बोलपटांनी उरलेले काम केले. १९३८ साली मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या तेव्हा एवढा गहजब झाला की गोल पातळ एका रात्रीत सोज्ज्वळ ठरले असावे!

दुसरे महायुद्ध आले, कापड पुन्हा दुर्मीळ झाले. जून १९४३मध्ये सरकारने कापड आणि सूत नियंत्रणाचा हुकूम काढला. नियंत्रणाच्या त्या दिवसांत नऊ वारांचा हट्ट धरणे फक्त म्हाताऱ्यांना आणि श्रीमंतांना जमण्यासारखे होते. खेड्यापाड्यांत, शेतात, बाजारात काष्टा पुढेही कित्येक वर्षे राहिला, कारण तिथे बाईला अजून ढांग टाकून चालायचे होते. शहरात तो सणासमारंभापुरता उरला.

आज कोष्टी-साळ्यांच्या घरी नऊ वारांचे सुती लुगडे मागणारे गिऱ्हाईक विरळा. शिवलेली नऊवारी मात्र दुकानोदुकानी मिळते. पण रोजच्या रोज, आरशात न पाहता, दोन मिनिटांत नेसणाऱ्या बायका आता ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांच्यातली एखादी तुमच्या घरात, गल्लीत, गावी असेल तर तिला नेसून दाखवायला सांगा आणि फोनवर टिपून ठेवा. नेसणीचे नाव, गाव आणि तिला ती कुणी शिकवली तेही विचारून घ्या. घरात जुने फोटो असतील तर त्यांच्या पाठीवर साल आणि नाव लिहा. वर्तमानपत्रांतले वाद ग्रंथालयात सुरक्षित आहेत. ही माहिती तिथे नाही.